शब्द दगडावर, चाल गळ्यात

गोलमेज परिषद आटोपून परतताना डिसेंबर 1931 मध्ये गांधीजी रोममध्ये थांबले. पोप अकरावे पायस यांची भेट झाली नाही, व्हॅटिकन मात्र पाहायला मिळाले, आणि सिस्टाइन चॅपेलमधल्या क्रूसावरच्या ख्रिस्तापुढे ते गहिवरून उभे राहिले ही हकीकत प्रसिद्ध आहे. चित्रकलेच्या इतिहासात हे चॅपेल मायकेलअँजेलोमुळे गाजले. संगीताच्या इतिहासात त्याचे नाव येते ते वेगळ्या कारणाने: तिथे ऑर्गन नव्हता. पोपचे गायक तिथे शतकानुशतके नुसत्या गळ्याने गात आले आणि वाद्याविना समूहाने गायचे धार्मिक संगीत म्हटले की युरोपला आजही हेच ठिकाण आठवते. या रोमभेटीला साडेचार वर्षे होण्याच्या आत, 30 एप्रिल 1936 रोजी, गांधीजी वर्ध्यापासून आठेक किलोमीटरवरच्या सेगावात राहायला गेले. त्या गावाचे नाव 1940 मध्ये सेवाग्राम झाले. तिथे आणि नंतर धाम नदीकाठच्या पवनारला मोकळ्या गळ्याने, मुख्यतः वाद्याविना, एकत्र प्रार्थना म्हणण्याची जी रीत घडली, तिचा इतिहास आपण राजकारणाच्या आणि अध्यात्माच्या खात्यात टाकून मोकळे झालो आहोत. ती संगीताच्या इतिहासातलीही घटना आहे आणि तिच्यामागे विचारपूर्वक घेतलेला संगीतविषयक निर्णय आहे, असे माझे म्हणणे आहे. रोमचा वर्ध्यावर परिणाम झाला असे मात्र मला सुचवायचे नाही. दोन्ही ठिकाणी अडचण एकच होती आणि तिच्यावर दोन निरनिराळी उत्तरे निघाली, म्हणून दोन्ही शेजारी ठेवून पाहायची.

या निर्वाद्य प्रार्थनेबद्दल विचारले की सहसा एकच उत्तर मिळते: आश्रमात साधेपणा होता, पैसा नव्हता, पेटी-तबला हा थाट परवडणारा आणि शोभणारा नव्हता. हे उत्तर टिकत नाही. वऱ्हाड-नागपूरकडच्या गरिबातल्या गरीब खेड्यातही भजनी मंडळ असे आणि त्याच्याकडे टाळ, मृदंग, एकतारी, खंजिरी यांपैकी काही ना काही असेच. भजन म्हणजे वाद्याच्या अंगाने चढत जाणारी गोष्ट, हीच इथली परंपरा. तुकडोजी महाराज 1936 मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून सुमारे महिनाभर सेवाग्रामला राहिले होते. त्यांची खंजिरी हे त्यांच्या भजनाचे हृदयच होते आणि पुढे गुरुकुंज मोझरीहून त्यांनी सामुदायिक प्रार्थनेची जी चळवळ उभी केली, तिच्यातून भजन आणि खंजिरी कधी हद्दपार झाली नाहीत. म्हणजे वर्धा-अमरावतीच्या मातीत वाद्याविना समूहाने म्हणणे आपोआप उगवणारे नव्हते, ते ठरवून लावावे लागले. दुसरा पुरावा आश्रमाच्या आतलाच आहे. साबरमतीला प्रार्थनेची घडी बसवली ती नारायण मोरेश्वर खरे यांनी. पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांचा हा शिष्य, ग्वाल्हेर परंपरेत तयार झालेला गवई, 1918 मध्ये आश्रमात आला. ‘आश्रम भजनावली’ची जुळणी त्यांनी केली, भजनांना राग दिले, दांडीयात्रेत ते चालले, आणि फेब्रुवारी 1938 मध्ये हरिपुरा काँग्रेसच्या तयारीत असताना गेले. विनोबांचे बंधू बाळकोबा हेही गाण्यातले जाणकार. ज्या घरात असे लोक होते, तिथे वाद्य नाही याचा अर्थ वाद्य येत नव्हते असा लावता येत नाही.

मग निर्णय कशासाठी? इथे रोमकडे वळले की प्रश्न उलगडतो. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या युरोपीय चर्चसंगीताची खासियत म्हणजे चार, पाच, सहा स्वतंत्र चाली एकाच वेळी चालत राहणे. एक आवाज शब्द उच्चारतो, तोवर दुसरा मागून तेच शब्द घेऊन आत शिरतो, तिसरा त्याच्या वर झेपावतो. थॉमस टॅलिसने 1570 च्या सुमारास चाळीस स्वतंत्र आवाजांची एक रचना केली. हिंदुस्थानी संगीत ऐकून कान घडलेल्या माणसाला हे पहिल्यांदा ऐकताना गोंधळ वाटतो आणि तसा तो वाटला तर त्यात त्याचा दोष नाही, कारण तिथल्या धर्माधिकाऱ्यांनाही तो वाटला होता. ट्रेंटची धर्मपरिषद 1545 ते 1563 अशी चालली. तिच्या शेवटच्या काळात संगीताचा विषय निघाला, आणि तक्रार मुख्यतः ही होती की सुरांच्या जाळ्यात प्रार्थनेचे शब्द कळेनासे झाले आहेत. 1565 मध्ये कार्डिनलांच्या एका समितीने रोममध्ये गायकांकडून काही रचना म्हणून घेतल्या, त्या शब्द कळतात की नाही हे तपासायलाच. पालेस्त्रिना याच काळातला. त्याने पोप मार्सेलस यांच्या नावाची रचना सादर करून चर्चसंगीत वाचवले ही कथा नंतरच्यांनी रंगवलेली आहे, पण 1567 मध्ये छापलेल्या त्या रचनेत शब्द खरोखरच स्वच्छ ऐकू येतात. थोडक्यात, रोमने अडचण ओळखली आणि कारागिरी सुधारून सोडवली. गाणारे मात्र तेच राहिले: पगारी, तयार, निवडलेले पुरुष आणि मुलगे. बाकीचे लोक ऐकत राहिले.

सेवाग्रामची अडचणही शब्दांचीच होती, फक्त शब्द जास्त आणि माणसे निराळी. प्रार्थनेला येणाऱ्यांत गुजराती, मराठी, हिंदी, तमीळ, बंगाली बोलणारे असत, इंग्रज मीराबेन असत, शिकलेले आणि अक्षरशत्रू शेजारी बसत. म्हणायचे काय, तर गीतेच्या दुसऱ्या अध्यायातले स्थितप्रज्ञाचे एकोणीस श्लोक, 1937 च्या त्रावणकोर दौऱ्यापासून गांधीजींनी मनावर घेतलेला ईशोपनिषदाचा पहिला मंत्र, विनोबांनी पद्यात बांधलेली एकादश व्रते, रेहाना तय्यबजींच्या आग्रहाने आलेले कुराणातले वचन, आणि पुढे आगाखान पॅलेसमधल्या बंदिवासात डॉ. गिल्डर यांच्याकडून आलेली जरथोस्ती प्रार्थना. आरंभी निचिरेन पंथाचा जपानी मंत्र. निचिदात्सु फुजी हे जपानी भिक्षू 1933 मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले, त्यांच्या संघातला एक साधू पुढे सेवाग्रामला राहिला, आणि महायुद्धात सरकारने त्याला उचलून नेल्यावरही त्याचा मंत्र मागे राहिला. इतक्या भाषांचे शब्द, तेही रोज पहाटे आणि संध्याकाळी, ज्यांना गाता येत नाही अशांनी सर्वांनी म्हणायचे. त्याला एकच संगीत चालण्यासारखे होते: चार-पाच सुरांत सामावणारे, अक्षरागणिक एक स्वर देणारे, तालासाठी श्वासावर विसंबणारे. पेटी आली की पट्टी ठरते, पट्टी ठरली की काहींचा गळा पोचत नाही. तबला आला की लय वादकाच्या हाती जाते. तयार गवई पुढे बसला की मागचे गप्प होतात. वाद्य काढून टाकल्याने गाण्यातली एक पायरीच नाहीशी झाली, ऐकणारा आणि गाणारा हा भेद उरला नाही. गांधीजींना आपल्या समाजात संगीत मूठभरांचे झाले आहे ही खंत जुनी होती, आणि लाखोंच्या सभेला एका सुरात म्हणता यावे ही इच्छाही. त्या इच्छेला शास्त्रीय संगीताची कसोटी लावून हसणे सोपे आहे. खरे यांनी ती हसण्यावारी नेली नाही.

याच धाग्याचे दुसरे टोक विनोबांच्या ‘गीताई’त सापडते. 7 ऑक्टोबर 1930 ते 6 फेब्रुवारी 1931 या चार महिन्यांत त्यांनी ती वर्ध्याला लिहिली. समश्लोकी भाषांतरे मराठीत पूर्वीही झाली होती, वामनपंडितांपासून. विनोबांचे वेगळेपण असे की त्यांनी ती छापण्याआधी मुलांना शिकवून पाहिली आणि जिथे जीभ अडखळली तिथे शब्द बदलले. म्हणजे अर्थ आणि छंद यांच्याबरोबर तोंड ही तिसरी कसोटी लावली. 1932 मध्ये पहिली आवृत्ती निघाली तेव्हा तिची किंमत एक आणा होती. ट्रेंटनंतर रोममध्ये रचनाकारांना जे जमवायला सांगितले गेले, ते इथे कवीने स्वतःवर बंधन म्हणून घातले. ‘गीताई’च्या ओळी मनात वाचताना काही ठिकाणी सपाट वाटतात, ही तक्रार मी मान्य करतो. मोठ्याने, चारचौघांत, एका लयीत म्हटल्या की तो सपाटपणाच त्यांचा गुण ठरतो, कारण कोणत्याही चरणात आवाजाला ठेच लागत नाही. शाळेतही हाच विचार उतरला. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 ला वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयात शिक्षण परिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने जो अभ्यासक्रम आखला, त्यात हस्तव्यवसाय, मातृभाषा, गणित यांच्या पंक्तीला संगीतही बसवले, तेही मिळून गाण्याचा आग्रह धरून. नयी तालीम म्हटले की आपल्याला तकली आठवते, गाणे आठवत नाही.

आता पहिला आक्षेप. निर्वाद्य कसले, साबरमतीला खरे तंबोरा घेत, भजनाला एकतारी चाले, रामधुनीला टाळ्या पडत, जपानी भिक्षूंच्या हातात तर चर्मवाद्यच असे. हे सगळे खरे आहे, आणि यातले काहीही माझ्या मुद्द्याला बाधत नाही. प्रार्थनेचा कणा म्हणजे श्लोकपाठ. भजन आणि धून त्याच्या शेवटी येतात, तिथे वाद्य आले तरी कण्याला हात लागत नाही. शिवाय युरोपचा इतिहासही याहून शुद्ध नाही. सेव्हिलच्या कॅथीड्रलने 1526 पासून चर्चमध्ये फुंकवाद्ये वाजवणारे पगारी वादक ठेवले होते, व्हेनिसच्या सेंट मार्क्समध्ये तर वाद्ये आणि गायकांचे ताफे समोरासमोर उभे राहत. आपल्या शेजारी गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चच्या शाळांतून पाश्चात्य पद्धतीचे गायन शिकवले गेले, तेही वाद्यांच्या संगतीत वाढले. सगळे पुनरुज्जीवनकालीन चर्चसंगीत वाद्याविना गायले जाई ही समजूत एकोणिसाव्या शतकातल्या भाविकांनी, विशेषतः रेगेन्सबुर्गच्या सुधारकांनी, सिस्टाइनचा अपवाद नियम मानून रुजवली. तेव्हा वाद्याविना गाणे हे तिथेही आणि इथेही एक निवडलेले रूप आहे, आदिम अवस्था नव्हे. निवडलेले आहे म्हणूनच त्याला इतिहास आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. पालेस्त्रिनाच्या रचनेत प्रत्येक आवाजाला स्वतःची वाट आहे, तरी सगळे मिळून एक होतात. सेवाग्रामला सगळे एकच चाल म्हणतात. मग बहुविधतेचा गजर करणाऱ्या आश्रमात एकसुरीपणा आणि कर्मठ रोममध्ये स्वातंत्र्य, असे उलटे चित्र नाही का? ऐकायला हा युक्तिवाद देखणा आहे. पण रोममध्ये अनेक आवाज एकाच धर्माचे, एकाच भाषेचे, एकाच संहितेचे शब्द म्हणत होते. सेवाग्रामला अनेक धर्मांचे शब्द एकच समूह म्हणत होता, एकामागून एक. तिथे वैविध्य एका क्षणात उभे रचलेले, इथे क्रमाने आडवे मांडलेले. आणि या मांडणीची किंमत स्वस्त नव्हती. एप्रिल 1947 मध्ये दिल्लीच्या भंगी कॉलनीतल्या प्रार्थनासभेत कुराणातल्या वचनाला हरकत घेतली गेली, तेव्हा गांधीजींनी तेवढा भाग गाळून पुढे जाण्याचे नाकारले आणि प्रार्थनाच थांबवली. नुसता सुरांचा कार्यक्रम असता तर एक कडवे गाळणे कठीण नव्हते. सेवाग्राम सोडून ते ऑगस्ट 1946 मध्येच निघाले होते, परत येणे झाले नाही, पण दिल्लीत ज्या क्रमासाठी ते अडून बसले तो क्रम बव्हंशी वर्ध्याच्या परिसरात आकाराला आला होता. एकच चाल म्हणणाऱ्या समूहात आवाजांचे वैविध्य हरवते हेही अर्धेच खरे आहे. संथ पाठात बायकांचा आणि पुरुषांचा आवाज सप्तकाच्या अंतराने चालतो, म्हातारे थोडे मागे रेंगाळतात, मुले पुढे धावतात. या ओढाताणीतून जो दाट नाद तयार होतो, तो कोणी लिहिलेला नाही आणि लिहिता येणारही नाही.

इथे ध्वनिमुद्रणाचा प्रश्न येतो. युरोपात कागद टिकला, गळा तुटला. पालेस्त्रिना, व्हिक्टोरिया, बर्ड यांच्या रचना स्वरलिपीत आहेत, पण त्या कोणत्या उंचीवर, किती वेगाने, किती जणांनी म्हणायच्या हे कागद सांगत नाही. आज जे आपण ऐकतो, ते 1973 मध्ये पीटर फिलिप्स यांनी सुरू केलेल्या टॅलिस स्कॉलर्ससारख्या संचांनी घडवलेले आहे: एकेका चालीला दोनेक गायक, वरच्या चालींना स्त्रिया, काचेसारखा स्वच्छ स्वर. पोपच्या चॅपेलमध्ये स्त्रियांना गायला बंदी होती, तिथे वरचा स्वर मुलगे किंवा खच्ची केलेले पुरुष लावत. त्या परंपरेतला शेवटचा गायक अलेस्सांद्रो मोरेस्की याचा आवाज 1902 आणि 1904 मध्ये रोमला तबकड्यांवर घेतला गेला, आणि तो आजच्या स्वच्छ संचांहून इतका वेगळा आहे की ऐकणारा चपापतो. अल्लेग्रीच्या ‘मिसेरेरे’ची गोष्ट तर उद्बोधकच आहे. 1630 च्या दशकातली ही रचना सिस्टाइनच्या गायकांची खास मालमत्ता. तिची प्रत मागवून व्हिएन्नाच्या सम्राटाने ती गाऊन घेतली आणि ती इतकी साधी निघाली की त्याला आपली फसवणूक झाल्याचे वाटले, अशी आख्यायिका आहे. कारण खरी शोभा गायकांनी पिढ्यान्‌पिढ्या तोंडी जपलेल्या हरकतींत होती, कागदात नव्हती. आज ज्या उंच स्वरासाठी ती रचना जगभर प्रसिद्ध आहे, तो स्वर अल्लेग्रीचा नाहीच. एकोणिसाव्या शतकात मेंडेल्सोनने वरच्या पट्टीत टिपलेला तुकडा पुढच्या संपादकांनी भलत्याच ठिकाणी जोडला, आणि विसाव्या शतकातल्या तबकड्यांनी ती चूक अजरामर केली. मला ती चूक ऐकायला आवडते. पण तिला 1630 च्या दशकाचे रोम म्हणणे म्हणजे इतिहास नव्हे.

वर्ध्याची स्थिती बरोबर उलटी आहे. गोपुरीत जमनालाल बजाज यांच्या स्मरणार्थ उभारलेले गीताई मंदिर 1980 मध्ये खुले झाले. छप्पर नसलेल्या त्या जागेत ‘गीताई’चे अठराही अध्याय उभ्या शिलांवर कोरलेले आहेत, जवळच जपानी भिक्षूंच्या संघाचा विश्वशांती स्तूप आहे. शब्द इतके पक्के झाले आहेत की काही शतके त्यांना धोका नाही. चाल मात्र त्या दगडात कुठेच नाही. ती आहे पवनारला. विनोबांनी 25 मार्च 1959 रोजी स्थापन केलेल्या ब्रह्मविद्या मंदिरात भगिनी पहाटे ईशावास्य, दुपारच्या आधी विष्णुसहस्रनाम आणि संध्याकाळी स्थितप्रज्ञाची लक्षणे अशी दिवसाची तीन ठाणी सामूहिक पाठाने बांधतात. सेवाग्रामला गांधीजींनी लावलेल्या पिंपळाजवळच्या मोकळ्या जागेत सकाळ-संध्याकाळ प्रार्थना होते. रोमने ज्या संगीतातून स्त्रियांना बाहेर ठेवले, त्याच जातीच्या एका परंपरेचा सांभाळ इथे प्रामुख्याने स्त्रियांनी केला, हा फरक संगीताच्या इतिहासाने नोंदवण्यासारखा आहे. पण आश्रमातल्या माणसांची संख्या पूर्वीइतकी नाही, वये वाढली आहेत, आणि जो गळा जातो तो आपल्याबरोबर एक लय, एक विराम, संस्कृत ‘ज्ञ’ म्हणायची एक मराठी लकब घेऊन जातो.

प्रार्थना ध्वनिमुद्रित करणे म्हणजे तिचा देखावा करणे, असे आश्रमीय मंडळींचे म्हणणे असू शकते आणि ते आदराने ऐकायला हवे. गांधीजींना स्वतःला मात्र यंत्राचा विटाळ नव्हता. ऑक्टोबर 1931 मध्ये लंडनला त्यांनी कोलंबिया कंपनीच्या तबकडीसाठी ईश्वरावरचे निवेदन वाचले होते, आणि शेवटच्या महिन्यांतली त्यांची दिल्लीतली प्रार्थनाप्रवचने आकाशवाणीने मुद्रित केली. त्यामुळे बोललेले गांधी आपल्याला ऐकता येतात. समूहाने म्हटलेली प्रार्थना त्याच काळजीने ठेवावी इतकी महत्त्वाची कोणाला वाटली नाही, कारण ती संगीत आहे हेच कोणाच्या ध्यानात आले नाही. मुद्रण करायचे ते स्टुडिओत नेऊन, मागे सतार-बासरी घालून, प्रसिद्ध गायकाकडून मुळीच नव्हे. तसली भजनांची संकलने भरपूर आहेत, आणि त्यांतून सेवाग्राम-पवनारच्या पाठाबद्दल काहीच कळत नाही. उन्हाळ्यातली पहाट, पावसाळ्यातली संध्याकाळ, चार माणसांची प्रार्थना आणि गांधीजयंतीच्या गर्दीतली प्रार्थना, अशी वर्षभरातली अनेक मुद्रणे हवीत: अथपासून इतिपर्यंत, खोकल्यासकट, चुकलेल्या पट्टीसकट, प्रत्येकावर तारीख आणि जागा लिहिलेली. काम खर्चाचे नाही. एक बऱ्यापैकी ध्वनिमुद्रक, आश्रमांची संमती आणि वर्षभर चिकाटी दाखवणारी दोन-तीन तरुण माणसे पुरेत. वर्धा आणि नागपूर इथल्या विद्यापीठांत भाषा, संगीत आणि गांधीविचार शिकवणारे विभाग आहेत. त्यांतल्या कोणीतरी हे काम येत्या वर्षातच अंगावर घ्यावे.